आकडे आपले, मग प्रश्नही आपलेच हवेत

स्मरणिका हातात पडली की आपण सारे प्रथम आपल्या तुकडीचे छायाचित्र शोधतो. मग जुन्या गुरुजनांची नावे. पाने उलटता उलटता शेवटी संस्थेचा अहवाल येतो: इतके विद्यार्थी, इतक्या खोल्या, इतके ग्रंथ, इतके टक्के निकाल. या अहवालाकडे आपण आदराने पाहतो आणि तो क्वचितच वाचतो. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो.

गेली काही वर्षे आम्ही काही माजी विद्यार्थी शाळेच्या इमारती, पाणी, वीज, भोजनगृह आणि वसतिगृहे यांच्या देखभालीत संस्थेला हातभार लावीत आहोत. आमच्यापैकी एक जण वीजखात्यातून निवृत्त झालेले, एक लेखापाल, दोघे संगणकावर पोट भरणारे आणि एक भगिनी रुग्णालयात परिचारिका आहेत. या कामातून आमचे एक मत तयार झाले आहे आणि ते या निमित्ताने आपणांपुढे ठेवावे असे वाटते. निवासी शाळेच्या रोजच्या नोंदींतून, स्वतःला पडलेल्या प्रश्नांसाठी, स्वतः अहवाल आणि आलेख तयार करणे हे काम वरवर कारकुनी दिसते. परंतु संस्थेची सचोटी आणि मुलांची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. ते काम दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही.

आपल्या समाजाच्या शिक्षणाच्या इतिहासात वसतिगृहाचे स्थान काय, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. वर्गाचे दार उघडले तरी राहायला जागा आणि पोटाला अन्न नसेल तर मूल त्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते. म्हणूनच छप्पर, पाणी, भाकरी आणि दिवा या गोष्टी आपल्याकडे शिक्षणाच्या बाहेरच्या कधीच नव्हत्या. त्यांचा हिशेब ठेवणे हा शिक्षणाचाच हिशेब आहे.

हिशेब आपल्या शाळेत पूर्वीपासून ठेवला जातो. कोठीची वही आहे, शिध्याचे आवक-जावक आहे, जडसंग्रह नोंदवही आहे, हजेरीपट आहे, आजारी मुलांची वही आहे, टँकरच्या पावत्यांची फाइल आहे. आमच्या लहानपणी कोठीवर बसणारे काका सायंकाळी डोळ्यांवर चष्मा चढवून डाळीच्या किलोंची बेरीज करीत, ते दृश्य आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. नोंदींची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती त्या नोंदींना प्रश्न विचारण्याची. वर्षअखेरीस लेखापरीक्षक वह्या पाहून जात, अनुदानासाठी लागणारे रकाने भरले जात आणि वह्या पुन्हा कपाटात जात.

काही वर्षांपूर्वी एका हितचिंतकांनी शाळेला संगणक आणि त्यासोबत देखभालीच्या तक्रारी नोंदवण्याची एक तयार प्रणाली भेट दिली. नळ गळतो, दिवा लागत नाही, दार लागत नाही, अशी प्रत्येक तक्रार तीत नोंदवायची आणि काम झाले की ‘पूर्ण’ अशी खूण करायची. महिन्याच्या शेवटी एक कळ दाबली की सुंदर अहवाल छापून येई: एक मोठे हिरवे वर्तुळ आणि खाली तक्रार निवारणाचा सरासरी काळ. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो अहवाल फिरला आणि सर्वांनी समाधान व्यक्त केले. आम्हीही केले.

त्याच आठवड्यात आमच्यातील भगिनी मुलींच्या वसतिगृहात गेल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरील मुली खालच्या अंगणातील नळावरून बादल्या भरून जिना चढत होत्या. वरच्या शौचालयाची टाकी फुटली होती, ती दिवाळीच्या सुटीनंतर कधीतरी. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा शाळेत वार्षिक स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती.

हिरवे वर्तुळ खोटे बोलत होते काय? नव्हते. त्याला जे विचारले होते तेच ते सांगत होते. प्रणाली ‘पूर्ण’ झालेल्या तक्रारींचाच सरासरी काळ काढीत असे. जी तक्रार कधी पूर्णच झाली नाही तिचे दिवस त्या सरासरीत येतच नसत. याचा अर्थ ध्यानात घ्यावा: सर्वांत अवघड कामे जितकी अधिक काळ पडून राहतील, तितका अहवाल देखणा दिसेल. शिवाय सरासरी ही स्वतःच फसवी असते. समजा दहा तक्रारींपैकी नऊ एका दिवसात मिटल्या आणि दहावीला एक्केचाळीस दिवस लागले. बेरीज पन्नास, सरासरी पाच दिवस. पाच दिवस म्हणजे ठीकच, असे समिती म्हणेल. प्रत्यक्षात पाच दिवस कोणीच थांबलेले नाही. नऊ जणांना एक दिवस लागला आणि एकाने सव्वा महिन्याहून अधिक काळ वाट पाहिली. तो एक कोण, हा आपला प्रश्न असायला हवा होता. प्रणाली बनवणाऱ्याला तो पडण्याचे काही कारण नव्हते. त्याने ती कदाचित एखाद्या कार्यालयासाठी वा हॉटेलासाठी बनवली असेल. तेथे तेरा वर्षांच्या मुली बादल्या घेऊन जिने चढत नसतात.

तेव्हा आम्ही ठरवले की तयार अहवाल बाजूला ठेवून मूळ नोंदीच बाहेर काढायच्या. प्रणालीतून सर्व ओळी एका साध्या तक्त्यात उतरवून घेतल्या आणि मांडणी करायला बसलो. पहिल्याच संध्याकाळी आमची फजिती झाली. कोणत्या इमारतीत किती तक्रारी, एवढाच सोपा प्रश्न आम्ही विचारला होता. संगणकाने मुलींच्या वसतिगृहाची एक ओळ देण्याऐवजी पाच ओळी दिल्या. कोणी ‘मुलींचे वसतिगृह’ लिहिले होते, कोणी ‘मुलींचे होस्टेल’, कोणी ‘लेडीज होस्टेल’, कोणी ‘रमाई भवन’, तर कोणी नुसतेच ‘वरची बिल्डिंग’. माणसाला हे सारे एकच; संगणकाला पाच निरनिराळी ठिकाणे. तारखांचीही तीच गत. कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी. काही आकडे देवनागरीत टंकलेले होते, ते आमच्या तक्त्याने शब्द समजून बेरजेतून वगळले होते. डिझेलचा खर्च म्हणूनच इतका कमी दिसत होता!

यातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण अन्य संस्थांनाही ते उपयोगी पडेल. एका घटनेची एक ओळ असावी. एका रकान्यात एकच गोष्ट असावी. ‘दोन नळ व एक दिवा’ असे एकत्र लिहू नये. प्रत्येक इमारतीचे, मजल्याचे आणि खोलीचे एकच नाव ठरवावे आणि ते हाताने लिहिण्याऐवजी यादीतून निवडण्याची सोय ठेवावी. तक्रार आली ती तारीख, काम सुरू झाले ती तारीख आणि काम संपले ती तारीख या तिन्ही स्वतंत्र असाव्यात. काम संपल्याची खूण दुरुस्ती करणाऱ्याने एकट्याने करू नये. जिची तक्रार होती तिने ‘पाणी आले’ असे म्हटल्यावरच ती व्हावी. मूळ नोंदींच्या तक्त्याला रंग देऊ नये, चौकटी जोडू नयेत, मध्येच बेरजा घालू नयेत. सजावट अहवालात करावी; नोंदी मात्र गव्हासारख्या स्वच्छ निवडून ठेवाव्यात.

नोंदी निवडून झाल्या की अहवाल बनवणे तसे कठीण नाही. उभ्या बाजूला इमारती, आडव्या बाजूला महिने आणि मध्ये तक्रारींची संख्या, अशी मांडणी आज साध्या संगणकावरील कोणताही तक्ता काही क्षणांत करून देतो. खरी कसोटी पुढे आहे. कोणत्या आकड्याला कशाने भागायचे?

विजेचे उदाहरण घेऊ. एका महिन्याचे देयक २,८०० युनिटचे आले आणि पुढच्या महिन्याचे ३,१३५ युनिटचे, असे समजा. स्तंभालेख काढला तर दुसरा स्तंभ उंच दिसेल, मुलांना पंखे बंद करण्याविषयी व्याख्यान ऐकावे लागेल आणि अधीक्षकांना स्पष्टीकरण द्यावे लागेल. परंतु वीजमापक नेमका महिन्याच्या एक तारखेला वाचला जातो असे नाही. पहिले देयक २८ दिवसांचे असेल आणि दुसरे ३३ दिवसांचे, तर रोजचा वापर पहिल्या वेळी १०० युनिट आणि दुसऱ्या वेळी ९५ युनिट ठरतो. म्हणजे वापर वाढलेला नाही, घटलेला आहे. ज्या मुलांचे कौतुक व्हायला हवे त्यांना बोलणी खावी लागली असती, आणि तीही केवळ भागाकार न केल्यामुळे.

भोजनगृहाचेही तसेच. तांदूळ किती लागला याला पटावरच्या संख्येने भागले तर सण, सुट्या आणि परीक्षेनंतरचे दिवस यांत प्रत्येक मुलामागे तांदूळ कमी लागल्याचा भास होतो. भागायचे ते त्या वेळेला ताटावर बसलेल्यांच्या संख्येने. त्यासाठी कोठीची वही आणि भोजनगृहाची हजेरी एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात. या दोन वह्या आजवर दोन निराळ्या कपाटांत होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळखही नव्हती.

या ठिकाणी आम्हांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९१८ सालच्या एका निबंधाचे स्मरण होते. भारतातील लहान शेतजमिनींविषयीच्या त्या निबंधात त्यांनी एक मूलभूत मुद्दा मांडला होता. जमिनीचा तुकडा किती एकरांचा आहे एवढ्यावरून तो परवडणारा की न परवडणारा हे ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागले आहेत, त्या प्रमाणावरून ते ठरते. एकटा आकडा मुका असतो, त्याला दुसऱ्या आकड्याशेजारी उभे केल्यावर तो बोलतो, असा धडा त्यातून आम्ही घेतला. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण पुष्पहार घालतो. त्यांनी आकड्यांकडे पाहण्याची जी शिस्त दाखवली तीही आपण घ्यावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

पाण्याच्या बाबतीत तर ही शिस्त जीवनमरणाशी जोडलेली आहे. भारतीय मानकानुसार निवासी शाळेत दर विद्यार्थ्यामागे दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. तीनशे मुलांना हे गणित ४०,५०० लिटरवर जाते. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर आले तरी थोडे कमीच पडते. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की हा आकडा काय असतो, ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. आता समजा, रात्री दहा वाजता सारे नळ बंद झाल्यावर टाकीची पातळी मोजली आणि पहाटे पाच वाजता, कोणी उठण्यापूर्वी, पुन्हा मोजली. या सात तासांत ७०० लिटर पाणी उतरले असेल, तर ते कोणी वापरलेले नाही. ते गळाले आहे. तासाला १०० लिटर, दिवसाला २,४०० लिटर. सतरा मुलांचे पूर्ण दिवसाचे पाणी जमिनीत गेले. हे कळायला महागडे यंत्र लागत नाही. टाकीवर रंगवलेली एक मोजपट्टी, रखवालदाराची एक छोटी वही आणि रोजच्या फरकाची एक रेघ पुरते. ज्या दिवशी रेघ उसळी घेते त्या दिवशी प्लंबरला बोलवायचे. त्याच वहीत नळाच्या पाण्यातील क्लोरिनची नोंद ठेवावी. पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरिन शिल्लक असावे, असे पिण्याच्या पाण्याचे मानक सांगते. त्याची रेघ आणि आजारी मुलांच्या वहीतील जुलाबाच्या संख्येची रेघ एकाखाली एक काढून पाहाव्यात. एक खाली गेल्यावर काही दिवसांनी दुसरी वर जाते का, एवढाच प्रश्न विचारावा.

आलेखाने माणसे वाचतात, हे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण दिवा घेऊन फिरणारी परिचारिका म्हणून पाठ्यपुस्तकात वाचले आहे. त्यांचे दुसरे मोठे कार्य नोंदींचे होते. क्रिमियाच्या युद्धात किती ब्रिटिश सैनिक कशाने मेले याच्या नोंदी अस्ताव्यस्त होत्या. त्या लावून, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने, त्यांनी १८५८ साली महिन्यामहिन्याचा एक वर्तुळाकार आलेख प्रसिद्ध केला. जखमांनी मेलेल्यांच्या मानाने टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचे क्षेत्र कितीतरी मोठे होते. अस्वच्छ इस्पितळे आणि घाण पाणी शत्रूच्या गोळीपेक्षा अधिक सैनिक मारीत आहेत, ही गोष्ट मंत्र्यांना लांबलचक तक्त्यांतून दिसली नसती. त्या चित्रातून दिसली. पुढे त्यांनी भारतातील लष्करी छावण्यांकडे पाणी, गटारे आणि बराकी यांविषयीच्या प्रश्नावली पाठवून माहिती मिळवण्यात पुढाकार घेतला आणि १८६३ साली त्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी कोणाचा तयार अहवाल स्वीकारला नाही. प्रथम प्रश्न ठरवला, मग नोंदीचा नमुना ठरवला, मग चित्र काढले. आमच्या मते हाच क्रम योग्य आहे.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. वस्तुतः त्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

इमारतवार तक्रारींचा आमचा पहिला शुद्ध आलेख तयार झाला तेव्हा मुलांच्या वसतिगृहाचे स्तंभ उंच होते आणि मुलींच्या वसतिगृहाचे ठेंगणे. समितीत कोणीतरी म्हणाले, मुली वस्तू जपून वापरतात. सर्वांना ते पटले. आमच्यातील भगिनींनी मात्र शांतपणे विचारले, “दादा, तक्रारवही असते कुठे?”

वही कार्यालयात होती. कारकून भाऊंच्या टेबलावर, सकाळी दहा ते सायंकाळी पाच. भाऊ अतिशय सज्जन आहेत, त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नाही. परंतु न्हाणीघराच्या दाराची कडी निघाली आहे, शौचालयात दिवा नाही, सॅनिटरी पॅड जाळण्याचे यंत्र बंद आहे, हे सातवी-आठवीतील मुलीने कार्यालयात जाऊन चार पुरुषांसमोर सांगावे अशी आपण अपेक्षा करीत होतो. ठेंगणे स्तंभ सुखाचे नव्हते. ते संकोचाचे होते. तक्रार नाही याचा अर्थ दुःख नाही असा होत नाही, हे आपल्या समाजाला तरी कोणी शिकवायला नको होते.

वही अधीक्षिकाताईंच्या खोलीत हलवली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल अशी एक पेटी मुलींच्या भोजनरांगेशेजारी ठेवली. पुढच्या काही महिन्यांत मुलींच्या वसतिगृहाचा स्तंभ इतका वाढला की मुलांचा स्तंभ त्याच्यापुढे खुजा दिसू लागला.

हा आलेख या स्मरणिकेत छापावा, असा प्रस्ताव आम्ही मांडला होता. तो मान्य झाला नाही. ज्यांनी विरोध केला त्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. ते म्हणाले, आपल्या माणसांनी चालवलेल्या संस्थांकडे बाहेरची नजर आधीच संशयाने पाहते. दुसऱ्याच्या शाळेतील फुटका नळ हा फुटका नळ असतो. आपल्या शाळेतील फुटका नळ म्हणजे ‘यांना संस्था चालवता येत नाही’ याचा पुरावा ठरतो. देणगीदार वाचतील, शत्रू वाचतील, पालक घाबरतील. या बोलण्यामागे कटू अनुभव आहे आणि तो खरा आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने तो नोकरीत, बँकेत, भाड्याच्या घरासाठी फिरताना घेतला आहे.

तरीही आमचे मत भिन्न आहे. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त नावाच्या भिक्खूंची कथा येते. संघातील भिक्खूंना निवासाच्या जागा नेमून देणे आणि भोजनाची निमंत्रणे वाटून देणे हे काम त्यांच्याकडे होते. आजच्या भाषेत ते संघाचे व्यवस्थापक होते. काही भिक्खूंच्या वाट्याला एकदा निकृष्ट भोजन आले. त्यांनी मनात धरले की हे दब्बांनीच मुद्दाम केले, आणि त्यांच्यावर खोटा आळ आणला. संघाने चौकशी केली आणि आळ खोटा ठरला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघातही जेवणाच्या वाटपावरून संशय उत्पन्न होत होता. मग आपण कोण? आम्ही या कथेतून एवढेच घेतो की व्यवस्थापक कितीही निर्मळ असला तरी संशय त्याला चुकत नाही, आणि संशयाचे उत्तर चौकशी हेच असते. कोणालाही, केव्हाही पाहता येईल अशी नोंद ही प्रामाणिक माणसाची ढाल आहे. झाकलेली नोंद त्याला उघडे पाडते.

शिवाय, पालकहो, विचार करावा. ज्या शाळेच्या भिंतीवर ‘या महिन्यात मुलींनी इतक्या गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी इतक्या दुरुस्त झाल्या, इतक्या राहिल्या आणि सर्वांत जुनी इतक्या दिवसांची आहे’ असे लिहिलेले असेल ती शाळा अधिक भरवशाची, की जिथे केवळ हिरवे वर्तुळ आहे ती?

आक्षेप आणखीही आहेत. शिक्षक आधीच शासनाच्या माहितीपत्रकांनी आणि ऑनलाइन रकान्यांनी बेजार आहेत, त्यात ही भर कशाला, असे मुख्याध्यापक म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे. म्हणून आम्ही नियम केला की नवी नोंद सुरू करायची तर एक जुनी, कोणीही न वाचणारी नोंद बंद करता येते का ते आधी पाहायचे. ज्या आलेखावरून तीन महिन्यांत एकही निर्णय झाला नाही तो आलेख काढणे थांबवायचे. आजमितीस आम्ही चारच आलेख काढतो: रात्रीची पाणीगळती, रोजचा वीजवापर, ताटामागे शिधा आणि प्रलंबित तक्रारींचे वय. चारांचे चौदा केले तर कोणीच पाहणार नाही.

दुसरा आक्षेप स्वयंपाकी आणि कामाठी बांधवांचा होता, आणि तो आम्हांस अधिक बोचला. “साहेब, आता आमच्यावर पहारा काय?” आकड्यांची काठी नेहमी सर्वांत खालच्या पाठीवर पडते, हा त्यांचा अनुभव. म्हणून आम्ही प्रत्येक आलेख प्रथम त्यांना दाखवतो आणि कारण त्यांनाच विचारतो. ताटामागे तेल वाढलेले दिसले तेव्हा कारण त्यांनीच सांगितले: नव्याने आलेल्या कढया रुंद आणि पातळ होत्या. दोष माणसाचा नव्हता, खरेदीचा होता, आणि खरेदी आम्हीच केली होती.

तिसरी सावधगिरी मुलांविषयीची. आजारी मुलांच्या वहीतील नावे, मुलींच्या पाळीसंबंधीच्या चिठ्ठ्या, घरची परिस्थिती यांतले काहीही आलेखात येता कामा नये. नाव काढले म्हणजे काम झाले असेही नाही. बारा मुलींच्या वर्गात ‘एक मुलगी’ म्हटले तरी ती कोण हे सर्वांना कळते. लहान संख्या एकत्र करूनच दाखवाव्यात. मुलांची वैयक्तिक माहिती संगणकावर घेताना पालकांची संमती हवी, असे २०२३ च्या कायद्यानेही म्हटले आहे. कायदा नसता तरी आपल्या मुलांच्या अब्रूची राखण हे आपले कर्तव्यच होते.

आलेख काढण्याच्या रीतीविषयीही एक शब्द. स्तंभ शून्यापासून सुरू करावा. तो नव्वदपासून सुरू केला तर ब्याण्णव आणि चौऱ्याण्णव यांतील फरक दुपटीचा भासतो, आणि वाचणाऱ्याची फसवणूक होते. मग ती संस्थेच्या बाजूने असो वा विरोधात. खाली तारीख लिहावी, आकडे कोणत्या वहीतून घेतले ते लिहावे आणि कोणते दिवस नोंदीविना गेले तेही लिहावे. रिकामी जागा रिकामीच दाखवावी. अंदाजाने भरू नये.

शेवटी आपणांकडे मागणे. माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यातील अनेक जण आज बँकांत, कारखान्यांत, इस्पितळांत आणि परदेशातील कंपन्यांत हेच काम पगार घेऊन करीत आहेत. वर्षातून दोन रविवार शाळेला द्यावेत. नवा संगणक न दिला तरी चालेल. नववी-दहावीच्या मुलामुलींना आपल्याच शाळेच्या पाण्याचा आलेख काढायला शिकवावे. गणिताच्या पुस्तकातील काल्पनिक आकड्यांपेक्षा स्वतःच्या टाकीचे आकडे त्यांना लवकर समजतात, हे आम्ही पाहिले आहे. पालकांनी भेटीच्या दिवशी खाऊचा डबा मुलाच्या हाती दिल्यावर क्षणभर भोजनगृहाच्या भिंतीकडे पाहावे आणि काही समजले नाही तर विचारावे. विश्वस्तांनी प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ‘सर्वांत जुनी प्रलंबित तक्रार’ हा ठेवावा.

पिढ्यानपिढ्या आपली गणना इतरांनी केली. कोणत्या रकान्यात आपल्याला घालायचे ते त्यांनी ठरवले, कोणते प्रश्न विचारायचे तेही त्यांनीच ठरवले. आता वही आपली आहे, इमारत आपली आहे, मुले आपली आहेत. मग प्रश्न दुसऱ्याचे कशाला?

मुलींच्या वसतिगृहाचा तो उंच स्तंभ या स्मरणिकेत नाही. परंतु तो भोजनगृहाच्या पूर्वेकडील भिंतीवर लावलेला आहे आणि दर महिन्याला नववीतील दोन मुली तो नव्याने रंगवतात. त्याच्या शेजारी आता दुसरा एक स्तंभ उभा राहतो आहे, दुरुस्त झालेल्या कामांचा. तो अजून पहिल्याच्या खांद्याला लागलेला नाही. मेळाव्याला याल तेव्हा जरूर पाहावा. 

– माजी विद्यार्थी देखभाल गट